हाताने लिहिलेलं बायबल आणि माझा ओला अंगठा

गेल्या रविवारी भंडारा शहरात मी जे केलं, ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही... इथेच सांगतो.

साकोलीत मी बोर्ड रंगवायचो. दुकानं, शाळांच्या भिंती, ट्रकची पाठ, सगळं. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. तेव्हापासून कुठे 'हाताने केलेलं' असं वाचलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

चर्चच्या हॉलमध्ये हाताने लिहिलेलं, हातानेच रंगवलेलं मराठी बायबल दोन दिवस लोकांना बघायला ठेवलंय, असं कळलं. बसने गेलो. श्रद्धेने वगैरे नाही, खोटं पकडायला...

काचेच्या झाकणाखाली जाडजूड ग्रंथ उघडून ठेवला होता. समासात धानाच्या लोंब्या, पळसाची फुलं, तलावाकाठी बगळे. अध्यायाचं पहिलं अक्षर मोठं, निळं, सोनेरी कडेचं. पण ओळी इतक्या एकसारख्या की मला हसूच आलं. माणसाचा हात थकतो हो, अक्षर कुठेतरी वाकतंच. इथे एकही वाकलेलं नव्हतं.

शेजारी खुर्चीवर लिहिणाऱ्या बाई बसल्या होत्या. वरठीच्या, रिटायर्ड नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत होते.

मी चार लोकांसमोर बोललो, "सिस्टर, हे प्रिंट आहे. तीस वर्षं ब्रश चालवला मी, मले नका शिकवू."

लोक एकमेकांकडे बघू लागले. एक जोडपं तर पुस्तक नीट न बघताच निघून गेलं. सिस्टरचा चेहरा उतरला. "सात वर्षं लागले भाऊ मले," एवढंच म्हणाल्या. "ड्युटीवरून येऊन लिवत होती मी."

मला ती सातही वर्षं खोटी वाटली.

जेवणाच्या वेळी हॉल रिकामा झाला. सिस्टर स्वतःच जवळ आल्या, झाकण उचललं. "पाहून घ्या चांगलं. फक्त हात नका लावू." आणि भिंग आणायला मागच्या टेबलाकडे वळल्या.

भिंतीवरचं अक्षर पक्कं झालं का, हे बघायला आम्ही पेंटर लोक अंगठा जिभेला लावतो आणि अक्षरावरून फिरवतो. मी तेच केलं. विचार करून नाही... सवयीने.

निळा रंग अंगठ्यावर आला. अक्षराचं पोट पुसलं गेलं आणि खाली पेन्सिलची बारीक रेघ उघडी पडली. अशाच रेघा मी आयुष्यभर आखल्या.

सिस्टर भिंग घेऊन आल्या. आधी पानाकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे. डोळे भरले त्यांचे.

तेवढ्यात चर्चचे पास्टर आणि दोघं-तिघं जेवून परतले. चोराच्या मनात चांदणं... मी अंगठा मुठीत दाबला. पान बघून पास्टर ओरडलेच, "हे कोनं केलं?"

"माझाच ओला हात लागला," सिस्टर म्हणाल्या.

"अवो सिस्टर, लोकायले सांगता हात नका लावू, अन् तुमीच असं करून राहिल्या!" बराच वेळ ते बोलत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

आणि मी? चार लोकांत त्यांना खोटं म्हणताना तोंड चाललं होतं, आता उघडेना. तसाच निघालो आणि साकोलीची बस धरली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ज्या बाईचं खोटं पकडायला मी गेलो, ती माझ्यासमोर एकदाच खोटं बोलली... तेही मला वाचवायला. सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू, मला खरंच कळत नाही.

पास्टर साहेब, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर एवढं वाचा. तो अंगठा माझा होता.