मुशीच्या पोटातला बांगडा

मुशी मासा चिरला तर पोटात अख्खा बांगडा निघाला. लेक नुकतीच बाळंत झालेली. दूध भरावं म्हणून आमच्याकडे बाळंतिणीला मुशीच घालतात. हिच्या वेळी मीही तीच खाल्ली.

"आई, नर्सबाई नको म्हणाल्या," लेक म्हणाली. "कारखान्याचा पारा पाण्यात येतो. लहान माशातून मोठ्यात साठत जातो, मग माझ्या दुधात."

"मग तुला घालू काय, दगड?"

बाळ अंगावर पीत होतं.

माशाला मासा खातो हे जन्मभर बघितलं. त्या रांगेच्या टोकाला पाळणा आहे हे दिसलं नव्हतं. पारा धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही. दुसरा समुद्र आणू कुठून?

लेकीला डाळभात वाढला. मुशी मी एकटीने खाल्ली. मला खाणारं पुढे कोणी नाही.