शांतवन पेंटरनं पुसलेलं दगडी घर

"शांतवनभाऊ, हे तुमी उलटंच काढलंय. आमच्या किल्लारीत भूकंपाला दगडाचीच घरं पडली. कुडाच्या खोपटातली मानसं वाचली."

बसम्मानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. लातुरात चर्चमागच्या खोलीत रविवारी बायकांचा पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा वर्ग भरायचा, अन् तो घ्यायचा शांतवन पेंटर. आठवडाभर कोचिंग क्लासांचे बोर्ड रंगवायचे, रविवारी कापडावर चित्र काढून आणायचं. निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं. म्हणून आधी काय दिसतंय ते विचारायचं, मग शास्त्र उघडायचं, ही त्याची रीत.

आजचा दाखला, म्हणजे शास्त्रातली बोधाची गोष्ट, दोन घरांचा होता. शहाण्याचं खडकावर, मूर्खाचं वाळूवर. पुरात वाळूवरचं पडतं. शांतवन औशाचा गडी. मजबूत घर म्हणलं की हातानं खडकावर दगडी भिंत अन् वर मातीचं माळवदच काढलं. खोपट ठेवलं वाळूवर.

तसल्याच भिंतीखाली बसम्माचा नवरा गेला होता. वर कोण्या उपदेशकानं पडलेल्या घरांचा संबंध पापाशी जोडला, ते तिच्या मनात रुतून बसलं होतं.

"माजा मालक मूर्ख व्हता का पापी, तेवढं सांगा," ती म्हणाली. "न्हाईतर म्या पुढल्या रविवारपसून येत न्हाई."

दाखल्यातलं घर खरं घर नसतं, हे उत्तर शांतवनच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"त्यांचं घर काढायचं तर काय काढू?"

बसम्मानं पिशवी खाली ठेवली. "दार काढा. उघडं. वाटंचा मानूस दिसला की मालक जेवायला हाक मारायचा. भाकरी थापायला म्या हायेच."

बाया हसल्या. तीही जराशी हसली.

शांतवननं शास्त्र उघडून वाचलं. शहाणा कोण, तर ऐकून तसं वागणारा. दगडी भिंतीचा तिथं शब्दच नव्हता. खडक होता तो घराच्या पायाला. दगडी भिंती आपल्याच हातच्या, असं तो कबूल झाला.

"भूकंप का झाला ते मला ठाव न्हाई, बसम्माबाई. पर दार उघडं ठेवणारा तुमचा मालक मूर्खात बसत न्हाई, पाप्यातबी न्हाई."

त्यानं पांढऱ्या रंगात कुंचला बुडवून दोन्ही घरं पुसली. खडक ठेवला, वर दाराची चौकट ओढली.

"रुंद काढा," बसम्मा म्हणाली. "पुढल्या रविवारी बगते." अन् मेसच्या पोरांचा स्वैपाक राहिला म्हणत निघाली.

शांतवननं कापड वाळत टाकलं, सायकलला रंगाचे डबे अडकवले. कोपऱ्यावरच्या क्लासचा बोर्ड अर्धा राहिला होता. शिडी भिंतीला लावून तो वर चढला.