अजून आंबा चालत नाही

वसतिगृहात माझ्या खोलीत जो मुलगा होता, त्याच्यापासून पहिलं जवळपास वर्षभर मी जपूनच राहिलो. तो एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावचा, माडिया आदिवासी. मी मूलजवळच्या एका गावचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. दोघंही घरातून कॉलेजात आलेले पहिलेच. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि चंद्रपूर आम्हा दोघांनाही फार मोठं वाटत होतं.

"त्याच्यापाशी काहीतरी आहे," असं बाकीचे पोट्टे म्हणायचे. नळाला पाणी यायच्या पाच मिनिटं आधी तो बादली घेऊन उभा असायचा. दार बंद असलं तरी जिन्यावर कोण चढतंय ते सांगायचा. एका दुपारी पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "तुझा बाबा आला." मी खिडकीतून पाहिलं. बाबा खरंच फाटकातून आत येत होते, हातात सुक्या मासोळ्यांची पिशवी.

माझ्या संशयाला आणखी एक कारण होतं. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. गावात कुणाची पाठ धरली की ते मला बोलवायचे. मी उजव्या पायाने कमरेला तीनदा हलकी लाथ मारायचो आणि माणूस उठून चालू लागायचा. त्याला खरंच बरं वाटायचं की नाही, मला आजही सांगता येत नाही. विज्ञान शाखेत आल्यावर ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नव्हती. आणि एक दिवस त्याने सहज विचारलं, "तू पायानं जन्मला ना?"

मी नाही म्हणालो. त्या दिवसापासून माझ्या पेटीला कुलूप लागलं. पेटीत चोरण्यासारखं काही नव्हतं.

मग मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. जेवणाआधी तो एक घास ताटाबाहेर काढून ठेवायचा आणि त्याचे ओठ हलायचे. काय म्हणतो ते ऐकायला मी एकदा मुद्दाम जवळ सरकलो, तर तो थांबला आणि माझ्याकडे पाहून हसला. ते हसणंही मला साधं वाटलं नाही.

एप्रिलमध्ये, परीक्षेला बारा दिवस उरले असताना, दुपारच्या जेवणात कच्च्या आंब्याची चटणी होती. त्याने ती ताटात घेतली नाही.

"काऊन बे?" मी विचारलं.

"मले अजून आंबा चालत नाई."

"अजून म्हणजे?"

"अजून नाई," एवढंच म्हणून तो जेवू लागला.

तासाभरात नऊ मुलं उलट्या करत होती. मीही त्यात होतो. संध्याकाळी सगळे व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो होतो. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा, ज्याला सगळे भाऊ म्हणायचे, तो म्हणाला, "आपण सारे आडवे, अन् हा एकटा उभा. कसा काय?"

मी म्हणालो, "तो बोलला होता, अजून चालत नाई म्हणून."

मी खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या वाक्याचं पुढे काय झालं ते मी बसून पाहत राहिलो. "अजून म्हणजे? मंतर पुरा व्हायचा होता काय?" भाऊ म्हणाला. कुणी हसलं, कुणी खोकलं, आणि दिवे लागेपर्यंत गृहपालांच्या नावाने अर्ज तयार झाला: या मुलाला वसतिगृहातून काढावं. चंद्रपुरात त्याचं कुणी नव्हतं. बाहेर काढला तर तो सरळ गावी जाणार आणि त्याचं वर्ष बुडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. अर्जावर पाचवी सही माझी आहे.

सकाळी तो खोलीत वाचत बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं. मी दारातूनच विचारलं, "आंबा काऊन नाई खाल्ला?"

"गावात आंब्याचा पंडुम नाई झाला अजून. पहिला आंबा देवाले देतेत, मग सारे खातेत. त्याच्याआधी कोनी तोंडाले लावत नाई. गावाहून माझ्या भावाची चिठ्ठी आली का मी खाईन."

"इथी कोन पाहून राह्यलं तुले?"

"कोनीच नाई."

"मग काल सांगितलं काऊन नाई?"

"तू हसला असता," तो म्हणाला आणि पान उलटलं.

आमच्या गावात पहिलं जाळं ओढलं की त्यातली पहिली मासोळी तलावाच्या देवीची. आठ वर्षांचा असताना मी त्याआधीच एक भाजून खाल्ली होती आणि बाबांनी मला काठावरच झोडपलं होतं. त्याने आंबा का खाल्ला नाही, हे वसतिगृहात सगळ्यांच्या आधी मला कळायला हवं होतं.

गृहपालांच्या खोलीत भाऊ आणि चार-पाच जण अर्ज घेऊन उभे होते. मी आत शिरून म्हणालो, "सर, माझी सही खोडायची आहे." आणि पंडुमचं सगळं सांगितलं.

"भ्याला हा," भाऊ म्हणाला. "मग चटणी कशी बिघडली? सांग ना."

दारात स्वयंपाकाची बाई उभी होती. "पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली म्हणून मी दोन महिन्यांपासून सांगून राह्यली सरले. आंबट पडलं का कळकतेच ते."

गृहपाल टेबलावरचे कागद नीट करू लागले.

"अन् बाकीचं?" भाऊने सोडलं नाही. "नळाचं? जिन्याचं? त्याले सारं आधीच कसं समजते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पायाळू आहे. मग मलेही काढा."

सगळे हसले. गृहपालांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि विज्ञानावर दोन मिनिटं बोलून सगळ्यांना घालवलं. मला मात्र थांबायला सांगितलं. दार लावून ते कमरेवर हात ठेवून हळूच म्हणाले, "आठ दिवसांपासून धरली आहे रे. जमते का पाहा." आणि सतरंजीवर पालथे झाले. मी चप्पल काढली.

त्याने सगळे पेपर दिले. तिसऱ्या पेपरानंतर चिठ्ठी आली. त्या दिवशी त्याने बाजारातून एक आंबा आणला, एक फोड ताटाबाहेर ठेवली आणि उरलेल्यातला अर्धा मला दिला. नळाचं त्याने सांगितलं: पाणी यायच्या आधी त्याच्या खाटेमागच्या भिंतीतला पाइप गुरगुरतो. जिन्यावर प्रत्येकाची चप्पल वेगळी वाजते. बाबांच्या पिशवीचा वास फाटकापासून येत होता.

"अन् मी पायाळू आहे ते?"

"तुझ्या बाबानंच सांगतलं. तू चहा आणाले गेल्ता तवा."

बाबा अनोळखी माणसाशी फारसे बोलत नाहीत. उन्हाळ्यात गावी गेल्यावर, खरंच सांगितलं होतं का, हे विचारायचं मी ठरवलं होतं. बाबा तलावाच्या काठावर जाळं वाळत घालत होते. मी दोनदा तोंड उघडलं. मग दुसरं टोक धरलं आणि जाळं ताणलं.