डाव्या चाकाचा सांधा

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीला काळं तेल मारायची आमच्या जव्हारला पद्धत आहे. गॅरेजमधून इंजिनातलं जळकं तेल डबाभर आणायचं, त्यात डिझेल कालवायचं आणि गाडीच्या पोटाखाली सगळीकडे पंपाने फवारायचं. म्हणजे लोखंड गंजत नाही, चिखल धरत नाही, असा आमचा पक्का समज. मी हे दरवर्षी स्वतः करायचो. बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे, आणि पन्नाशी उलटली तरी गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा माईक माझ्याच हातात असतो. त्यामुळे गाडीखाली उताणं पडून तेल मारतानाही मला चार प्रेक्षक लागतात. ते जमतातही.

यंदा होळीनंतर गाडी वाजायला लागली. डावं चाक खड्ड्यात उतरलं की ‘टक्’. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की ‘कुर्र’. मी गाडीखाली वाकून पाहिलं, काही कळलं नाही, आणि ज्याला काही कळत नाही तो जे करतो ते केलं. कोरडं पडलं असेल म्हणून मेची वाट न बघता काळं तेल मारलं, त्या कोपऱ्यात दुप्पट. चार दिवस आवाज गेला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा बायकोला तो ऐकू जाऊ नये म्हणून खड्डा दिसला की मी मोठ्याने काहीतरी सांगायला लागायचो. आमच्या रस्त्याला खड्डे किती आहेत हे तुम्हाला माहीत असेल, तर मी किती बोललो याचा अंदाज येईल.

अशात सासूबाईंना घरी पोचवायची वेळ आली.

सासूबाई सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या. जन्मभर भात-नागली केली, डोंगर चढल्या-उतरल्या, आणि उजवा खुबा पार झिजवला. नाशिकला ऑपरेशन करून खुबा बदलला आणि सहा आठवडे त्या आमच्याकडे राहिल्या. डॉक्टरांनी प्लास्टिकचा नमुना हातात घेऊन दाखवलं होतं. वाटीत गोळा, आणि गोळा वाटीत फिरतो. “तीन महिने खाली बसायचं नाही, पडायचं नाही, दणका बसू द्यायचा नाही. गोळा वाटीतून निसटला तर पुन्हा ऑपरेशन.” हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दणका द्यायला मलाच नेमलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग जमायला लागले आणि सासूबाई हट्टाला पेटल्या. राबात, म्हणजे पालापाचोळा जाळून केलेल्या रोपांच्या वाफ्यात, नागलीचं बी टाकायचं होतं, आणि चांगलं बी कुठल्या मडक्यात ठेवलंय ते फक्त त्यांनाच माहीत. “फोनवर सांग ना,” बायको म्हणाली. “सांगते हां! सून अर्धं माहेरी धाडेल,” सासूबाई म्हणाल्या. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली. गाडीत पुढची सीट मागे सरकवून बसायचं आणि गाडी हळू चालवायची.

निघालो. टपावर त्यांची कमोडची प्लास्टिक खुर्ची बांधलेली, मागे बायको वॉकर मांडीवर घेऊन, पुढे सासूबाई. जव्हार सोडलं, वळणं सुरू झाली. डावीकडे दरी, डावीकडेच तो आवाज आणि डावीकडेच सासूबाई. प्रत्येक खड्ड्याला मी पोटात श्वास धरत होतो आणि तोंडाने गोष्ट सांगत होतो. गावच्या नाटकात एकदा माझी मिशी लग्नाच्या सीनमध्ये नवरीच्या गालाला चिकटून गेली होती, ती गोष्ट मी तीनदा सांगितली. बायको म्हणाली, “अहो, आज काय झालंय तुम्हाला?”

“कुठे काय? आनंद झालाय.”

मोखाड्याच्या अलीकडे एका वळणावर स्टेअरिंग आपोआप डावीकडे ओढलं गेलं. थोडंसंच, पण माझी मिशीची गोष्ट नवरीच्या गालापर्यंतसुद्धा पोचली नाही.

“जावई, गाडी थांबवा,” सासूबाई म्हणाल्या.

“पाणी हवंय?”

“गाडीचा खुबा गेलाय.”

“काहीतरीच! गाडीला कुठे...”

“माझा असाच वाजायचा. पहिलं टक्, मग कुर्र, मग पाय भलतीकडेच जायचा. थांबवा म्हणते ना.”

मोखाड्यातलं गॅरेज तिथून जेमतेम एक किलोमीटर. तेवढं अंतर मी पहिल्या गिअरमध्ये गेलो. एक बकरी आम्हाला मागे टाकून पुढे गेली.

गॅरेजवाला माझ्याच वयाचा, शब्द मोजून वापरणारा माणूस. सासूबाईंना खाली बसायची मनाई असल्यामुळे आम्ही टपावरची खुर्ची उतरवली, आणि त्या कमोडवर पदर सावरून, गॅरेजच्या मधोमध, न्यायाधीशासारख्या बसल्या. गॅरेजवाल्याने चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, आर्मला, जॅक लावून चाक जमिनीपासून उचललं, टायरखाली पहार घातली आणि वर दाबली. चाक डुगडुगलं. आत काहीतरी बोटभर वरखाली झालं.

“बॉल जॉइंट गेला, शेठ,” तो म्हणाला. “चाक वळतं, वरखालीही होतं, ते या सांध्यावर. वाटीत गोळी असते.”

“म्हणजे माझ्यासारखंच,” सासूबाई म्हणाल्या.

“तसंच, आजी. आत ग्रीस भरून कंपनी वरून रबराची टोपी लावते. टोपी धड आहे तोवर काही बघावं लागत नाही.” त्याने टोपीला बोट लावलं. टोपी फुगून, मऊ पडून फाटली होती, आणि आतून ग्रीसऐवजी काळी रेती निघाली. त्याने ती बोटांत चोळली. “हे जळकं तेल कोणी मारलं?”

मी छताकडे पाहिलं.

“हे स्वतः मारतात,” बायको म्हणाली. “दरवर्षी. लोक बघायला येतात.”

“तेलाने रबर कुजतं. तेलाला धूळ चिकटते, ती फटीतून आत जाते, मग गोळी पॉलिश पेपरवर घासल्यासारखी झिजते. पावसाआधी नुसत्या पाण्याने धुवायचं. महिन्या-दोन महिन्यांनी टॉर्च मारून रबर बघायचं, चाक असं हलवून बघायचं, टायर एकाच बाजूने झिजतोय का बघायचं. बस.”

“आणि गोळी निसटली असती तर?” हे मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

“चाक बाहेर आडवं पडतं. गाडी त्या कोपऱ्यावर बसते. मग ती तुमचं ऐकत नाही.”

बायकोने विचारलं, “कधीपासून वाजत होतं?”

माझ्याकडे निदान तीन उत्तरं तयार होती, तिन्ही रंगतदार. मी म्हणालो, “होळीपासून.”

तिने वॉकर भिंतीला टेकवला आणि ती बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. ते फार वाईट होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोन्ही बाजूंचे जॉइंट बदलायचे ठरले. गॅरेजवाल्याने नाशिकच्या दुकानाला फोन केला, आणि दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरने पुडकं आणून दिलं. त्यात एकच जॉइंट निघाला. दुसरा दुकानात नव्हता, तो उद्या सकाळच्या गाडीने येणार होता. डावा बसला, नटात नवी पिन गेली, पहार घातली तर चाक जागचं हललं नाही. मग त्याने उजवीकडे पहार लावली. ते जरासं हललं. केसभर.

“लोक यावर वर्षही काढतात,” तो म्हणाला. “हळू गेलात तर पोचाल बहुतेक.”

“चला,” सासूबाई उठायलाच लागल्या. “ढग बघा कसे आलेत.”

मी त्या ‘बहुतेक’वर अडकलो होतो. पुढे चढ, खड्डे, अंधारून आलेलं आभाळ. सकाळचा मी असतो तर निघालो असतो, वर एक गोष्टही सांगितली असती. पण मला आता सासूबाईंच्या साडीखालचा तो नवा खुबा दिसत होता, जणू क्ष-किरणांच्या फोटोतच त्या उभ्या होत्या.

“नाही जायचं,” मी म्हणालो.

“केसभर तर हलतंय!”

“डावंही कधीतरी केसभरच हलत असेल.”

“रात्री पाऊस पडला तर रानात चिखल होईल. बी कुठे टाकू, तुमच्या दुकानात?”

“टाका. पण आज गाडी निघणार नाही.”

त्या रात्री मोखाड्यात बायकोच्या मावसबहिणीकडे राहिलो. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीला सांगितल्यासारखं सांगत होत्या, “काही लोकांना नको तेव्हा अक्कल सुचते.” बायकोने माझ्या ताटात भाकरी वाढली, पण नजर दिली नाही. मी ओट्यावर बसून ढगांना विनवण्या करत होतो. पाऊस पडला असता तर त्या बियाण्याचं पाप माझ्यावर आलं असतं, आणि तरीही निघालो नाही याचा मला पश्चात्ताप होत नव्हता. दोन्ही भीती एकाच पोटात कशा मावल्या कोण जाणे.

पाऊस आला नाही. सकाळच्या एसटीने दुसरा जॉइंट आला, तोही बसला. “पुढच्या वेळी नाशिकला गेलात की चाकांची अलाइनमेंट करून घ्या,” गॅरेजवाला म्हणाला. दुपारी आम्ही पाड्याखाली पोचलो. तिथे डांबर संपतं आणि घरापर्यंत दगडांची चढण आहे. सासूबाईंनी वॉकर टेकला आणि एकेक पाऊल टाकत निघाल्या. बायको त्यांच्या बाजूने. मी दोन पावलं मागे, दोन्ही हात पसरून, पडल्याच तर झेलायला. विहिरीवरच्या बाया थांबून बघत होत्या.

सासूबाईंनी मागे न बघताच म्हटलं, “जावई, हात खाली करा. बाया हसतात.”