कॅरेक्टर, सेटिंग, प्लॉट

परीक्षेच्या आधी मी नववीच्या वर्गात इंग्रजीची एक उजळणी घेते. गोष्ट वाचून झाली की तिच्याबद्दल बोलायला जे शब्द लागतात, ते. कॅरेक्टर म्हणजे गोष्टीतली माणसं, सेटिंग म्हणजे ती कुठे आणि केव्हा घडते ते, प्लॉट म्हणजे तिच्यात काय काय होतं ते. कारंज्यातल्या आमच्या शाळेत निम्मी मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येतात. घरी इंग्रजी कोणाच्याच नाही, पण हे तीन शब्द त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक असतात. भानगड तिथंच आहे.

"प्लॉट म्हणजे काय?" मी विचारलं.

"बायपासले पाडून राह्यले ते, मॅडम. एन.ए. झालेले."

"आणि सेटिंग?"

"पेपरच्या आधी लावतात ते. कॉपीसाठी."

वर्ग हसला, मीही हसले. मग कॅरेक्टर विचारलं तर मागच्या बाकावरचा एक पोट्टा उठला आणि पाठ केल्यासारखा म्हणाला, "कॅरेक्टर पोरीचं राह्यते, मॅडम. चांगलं नाही तर खराब."

"बरोबर," मी म्हटलं. "पण इंग्रजीच्या तासाला त्याचा अर्थ वेगळा."

बरोबर म्हटलं मी. वीस वर्षं शिकवणारी बाई, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच वेळी वर्गातल्या बऱ्याच माना दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे वळल्या होत्या. मला वाटलं, हुशार पोरगी आहे, उत्तर ती देईल म्हणून बघत असतील. मी आपली धड्यातल्या कुंभाराकडे वळले. कुंभार कॅरेक्टर, त्याची बायको कॅरेक्टर, त्याचं गाढवसुद्धा कॅरेक्टर. एरवी गाढवाचं नाव निघालं की हीच पोरगी पहिला प्रश्न विचारणार. त्या दिवशी तिनं वहीतून डोकं वर काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. चार दिवस झाले तेव्हा मी स्टाफरूममध्ये विचारलं. तिच्या गावाकडून ये-जा करणारे एक सर आहेत आमच्यात. चहात बिस्किट बुडवत ते म्हणाले, "आता कायची येते ती. गावात चर्चा हाये ना. आपल्याच शाळेतल्या एका पोट्ट्याच्या गाडीवर बसून घरी गेली, दिवेलागणीले. पोरीच्या कॅरेक्टरची बोंब झाली की घरचे शाळा बंदच करतात, मॅडम."

"कधीची गोष्ट?"

"मागच्या मंगळवारची."

मागच्या मंगळवारी माझा जादा तास होता. पाचची सुटी साडेपाचला केली होती मी, कारण मला माझा धडा संपवायचा होता. सव्वापाचला तिच्या गावाची एसटी सुटते, हे मला माहीत असायला नको होतं? तळपायाची आग मस्तकात गेली. आधी सरांवर, कारण माणूस सगळं ठाऊक असून चार दिवस निवांत चहा पीत होता. मग माझ्यावर. एसटी चुकवली मी, गाडीवर सोडलं त्या पोट्ट्यानं, आणि घरी बसली ती.

शनिवारी अर्धी शाळा सुटली तशी मी तिच्या गावाची एसटी धरली. धनजच्या बाजूचं गाव. घरापुढे तुरी वाळत घातल्या होत्या. तिचे वडील खाली बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. खाटेवर तिचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. घरात शब्द त्यांचाच चालतो हे मला दोन मिनिटांत कळलं. पाणी आलं, चहा आला. पोरगी नाही आली.

"मॅडम, तुमी आल्या, बरं वाटलं," मोठेबाबा म्हणाले. "पण पोरीचं कॅरेक्टर मंजे काचेचं भांडं. एक डाव तडकलं की झालं."

"तिची एसटी माझ्यामुळे चुकली," मी म्हटलं. "बोल लावायचा तर मला लावा. आणि ज्या पोरानं तिला सोडलं तो रोज शाळेत येतोय. त्याचं कॅरेक्टर कोणी पाहिलं का?"

"पोट्ट्याचं काय, जी."

पोट्ट्याचं काय! हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या बहिणीची शाळा सुटली तेव्हाही आमच्या ओसरीत हेच म्हटलं गेलं होतं, आणि मी तेव्हा गप्प बसले होते. आता नाही बसले. म्हटलं, "भाऊ, वर्गात एका मुलानं सांगितलं की कॅरेक्टर फक्त पोरीचं असतं. मी त्याला बरोबर म्हणाले, तुमच्या पोरीच्या समोर. ते साफ चूक होतं. मी आज ते सांगायला आले आहे, आणि ते तिला सांगायचं आहे, तुम्हाला नाही."

मोठेबाबा काही म्हणायच्या आधी ती दारात आली. हाताला पीठ होतं.

"मले माहीत हाये अर्थ, मॅडम. गोष्टीतला माणूस." मग ती त्यांच्याकडे वळली. "मोठेबाबा, मी गाडीवर बसली अन् घरी उतरली. मी येवढंच केलं. बाकी गोष्ट गावानं बनवली, अन् मले त्यात टाकलं. मले कोणी इचारलं तरी का?"

"लयच शिकली," मोठेबाबा म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

तिच्या वडिलांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"सकायची एसटी कितीची असते तुही?"

"साडेनवाची, बाबा."

"सोमवारी थांब्यापर्यंत येतो मी संगं."

संगं कशाला, तिला काय रस्ता माहीत नाही, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. मोठेबाबा खाटेवरून उठून आत निघून गेले.

सोमवारी पहिल्याच तासाला मी फळ्यावर पुन्हा कॅरेक्टर लिहिलं आणि आधी माझी चूक वर्गाला सांगितली, मग मागच्या बाकावरच्या त्या पोट्ट्याला उभं करून अर्थ वदवून घेतला. त्यानं सांगितला. कोणी हसलं नाही. ती दुसऱ्या बाकावर तिच्या जागेवर होती. तास संपता संपता तिनं हात वर केला. आता गाढव निघणार असं मला वाटलं.

"मॅडम, आज जादा तास हाये का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"आहे," मी म्हटलं. "पाचला सुटेल."