व्हर्लिनचा गुडघा

व्हर्लिन टॉफ्टलंड चोवीस वर्षं शाळेची बस चालवत होता. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या सपाट शेतांतून रोज सकाळी सत्तेचाळीस मैल, अडतीस पोरं, आणि एक कडक नियम: पोरं आत असताना चालकानं बस सोडायची नाही. इतक्या वर्षांत त्याला त्या नियमाची कधी अडचण झाली नव्हती. या हिवाळ्यात पोटानं उच्छाद मांडला आणि तोच नियम त्याच्या उरावर बसला. नोव्हेंबरात आर्डिसच्या, म्हणजे बायकोच्या, आग्रहावरून त्यानं सिगरेट सोडली होती. चांगलं वागल्याचं हे फळ!

बिचाऱ्यानं काय नाही केलं? न्याहारी बंद केली, कॉफी सोडली, मग दूध, मग गहू. अवजारांच्या पेटीत एक जादा पँट ठेवली. वाटेतल्या पेट्रोल पंपावरचा संडास सकाळी किती वाजता उघडतो हे त्याला पाठ झालं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला त्यानं केकचे तुकडे नाकारले, तर तिघीजणी आर्डिसला बाजूला घेऊन विचारून गेल्या, आमचं काही चुकलं का म्हणून. पोट बिघडलंय एवढं सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण त्या गावात हवामानावर तासभर बोलतील, पोटावर अवाक्षर काढायचे नाहीत.

डॉक्टरनं खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलं. व्हर्लिननं इमानदारीनं लिहिलं. त्यातून एवढंच निघालं की शनिवार-रविवार पोट ठणठणीत, आणि सोमवारी नऊच्या आत बोंब. फेब्रुवारीत बर्फाच्या वादळानं तीन दिवस रस्ते बंद होते, तेव्हाही गडी मजेत होता. डॉक्टर म्हणाला, तुम्ही बसचा ताण घेताय.

व्हर्लिन चक्रावला. कसला ताण? ती पोरं, तो रस्ता, यांच्यावर त्याचा जीव होता. घराबाहेर आपल्या गाडीत बसून त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, बाबा रे, तू नक्की कशाला घाबरतोस?  आणि एका मंगळवारी शेवटचं पोर उतरेपर्यंत त्यानं जे सोसलं, त्यानंतर त्यानं राजीनामा दिला. कारण लिहिलं, गुडघा.

मग काय, गावानं गुडघा डोक्यावर घेतला. कुणी पट्टा आणला, कुणी मलम. व्हर्लिनला लंगडावं लागे, आणि पाय कुठला हे त्याच्या लक्षात राहत नसे.

बसमधलं सामान घरी आलं तेव्हा आर्डिसनं पिशवी रिकामी केली. आत पेपरमिंटच्या बिनसाखरेच्या गोळ्यांची पाकिटं, अर्धी संपलेली. तिनं चष्मा लावून मागचं बारीक वाचलं.

“या किती खातोस दिवसाला?”

“मोजतो कोण? बसचं स्टेअरिंग हातात आलं की सिगरेटची तल्लफ येते. चाळीसेक असतील.”

“वहीत का नाही लिहिल्यास?”

“ते काय खाणं आहे?”

“इथं लिहिलंय, जास्त खाल्ल्या तर जुलाब होतात.”

व्हर्लिननं पाकीट उलटंसुलटं केलं. आता हसावं की रडावं हे त्याला कळेना. मन भित्रं नव्हतं तर! पण सोमवारी शाळेची समिती नव्या चालकाला नेमणार होती.

शुक्रवारी तो ड्वेनच्या कचेरीत गेला. शाळेच्या बसगाड्या ड्वेनच्या हाताखाली होत्या. गडी खडूस, सभा वीस मिनिटांत उरकणारा. गुडघा कसा आहे, त्यानं विचारलं.

व्हर्लिनचे कान तापले. “गुडघ्याला काही झालं नव्हतं,” तो म्हणाला. “मला जुलाब होत होते. चार महिने. आता कारण सापडलंय. मला माझी बस परत हवीय.”

ड्वेननं समोरचे कागद बाजूला सारले. मग उठला, दार लावलं, आणि टेबलावरचा राजीनामा घडी करून व्हर्लिनच्या हातात दिला.

“सोमवारी ये,” तो म्हणाला. पण जागेवर जाऊन बसला नाही. “मी सभा लवकर का उरकतो, ठाऊक आहे? माझंही पोट असंच. अकरा वर्षं झाली. घरीसुद्धा बोललो नाही.”

 व्हर्लिननं खुर्ची ओढली आणि बसला.