बाबांच्या बदलीच्या नोकरीपायी माझी नोकरी हुकली

जयपूरच्या मराठी मंडळींनो, डोकं इतकं फिरलंय की घरी येऊन चप्पलही न काढता लिहितेय.

झोटवाड्यातल्या एका कंपनीत डिझायनरच्या जागेसाठी आज माझी चौथी मुलाखत होती. काम पसंत, सगळं पसंत. मग एचआरच्या मॅडम म्हणतात, "पापा बैंक में हैं? मतलब, ट्रान्सफर हुआ तो आप भी चली जाओगी!"

म्हटलं, मॅडम, मी सत्तावीस वर्षांची आहे, इथेच राहीन. तरी नकार!

थोड्या वेळाने माझ्यानंतरचा उमेदवार मुलाखत देऊन बाहेर आला, त्याच्याशी बोलले. त्याचेही वडील बँकेतच, बदलीचीच नोकरी. त्याला मात्र त्याच मॅडमनी विचारलं, "जॉइन कब करोगे?"

बदलीच्या ट्रकमध्ये कपाटाबरोबर फक्त मुलीच चढवतात का हो?